चरबी कशासाठी होती? : काळी दारू, नळीतील कीट आणि १८५७

१८५७ च्या उठावावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. शालेय पाठ्यपुस्तकांपासून संशोधनपर ग्रंथांपर्यंत आणि ऐतिहासिक कादंबरीपासून वर्तमानपत्री पुरवण्यांपर्यंत या लेखनात एक विधान बहुधा ठरलेले असते : एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावल्याची वार्ता पसरली; ती काडतुसे दाताने तोडावी लागत; त्यामुळे हिंदू आणि मुसलमान दोन्ही शिपाई बिथरले. हे विधान चुकीचे नाही. परंतु ते इतक्या वेळा वाचनात येते की त्यात दडलेला एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. काडतुसाला मुळात चरबी लावायचीच कशासाठी? काडतूस म्हणजे कागदाची पुडी, दारू आणि शिशाची गोळी. त्यात स्निग्ध पदार्थाचे काय काम?

या प्रश्नाचे उत्तर बंदुकीच्या नळीत आहे. बार उडाल्यावर नळीच्या आतल्या अंगाला जे कीट चिकटून राहते, ते मऊ ठेवण्यासाठी ही चरबी होती. हे कीट कसे जमते, त्यावर कोणकोणते उपाय योजले गेले आणि त्यांपैकी एक उपाय हिंदुस्थानात आल्यावर काय घडले, हे येथे क्रमाने पाहण्याचा आमचा विचार आहे. विषय शस्त्रविद्येचा वाटला, तरी आमची त्यातली आस्था साहित्याच्या अध्यापकांची आहे. एखादी वस्तू प्रतीक झाली की ती वस्तू म्हणून दिसेनाशी होते, आणि मग तिच्याभोवती वावरणारी माणसेही आपल्याला नीट दिसत नाहीत. १८५७ च्या काडतुसाचे असेच काहीसे झाले आहे.

दारू

फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला जे नाव आहे, त्याचाही शब्दशः अर्थ ‘आगीचे औषध’ असा होतो. मराठीने फारसी शब्द घेतला आणि तो मद्य व स्फोटक चूर्ण या दोहोंसाठी वापरला. औषध हा मूळ अर्थ ‘दवादारू’ या जोडशब्दात तेवढा शिल्लक राहिला.

काळ्या दारूची घडण साधी आहे. वजनाने साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक. कोळसा जळतो, सोरा त्याला प्राणवायू पुरवतो आणि गंधकामुळे हे मिश्रण लवकर पेट घेते. मात्र या ज्वलनात सगळ्याच दारूचा वायू होत नाही. अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल या दोघांनी १८७० च्या दशकात बंद पात्रात दारू जाळून मोजमापे घेतली. दारूच्या वजनापैकी सुमारे ४३ टक्के भागाचा वायू होतो, सुमारे ५६ टक्के भाग घन स्वरूपात उरतो आणि बाकीचे पाणी, असे त्यांना आढळले. गोळी पुढे ढकलण्याचे काम वायू करतात. घन भागात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड हे क्षार मुख्य असतात. त्यांपैकी काही भाग दाट पांढऱ्या धुराच्या रूपाने नळीबाहेर पडतो; उरलेला नळीतच बसतो. हेच ते कीट.

एन्फील्डच्या एका बारात अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे ४.४ ग्रॅम दारू असे. वरील हिशेबाने प्रत्येक बारामागे जवळजवळ अडीच ग्रॅम घन पदार्थ तयार होतो. साठ बार उडवले तर हा आकडा दीडशे ग्रॅमच्या घरात जातो. यातला थोडाच अंश नळीत राहिला, असे धरले तरी बोटभर रुंदीच्याही नसलेल्या नळीच्या दृष्टीने तो पुष्कळ होतो.

या किटाचा स्वभाव हवेप्रमाणे बदलतो. दमट हवेत ते ओलावा शोषून घेते आणि चिकट होते. कोरड्या, तापलेल्या हवेत ते वाळून कडक कवच बनते. ओले राहिले तर लोखंड गंजते, वाळले तर पुढची गोळी आत जात नाही. क्षार पाण्यात विरघळत असल्यामुळे नळी धुण्याचा सर्वांत जुना आणि आजही उत्तम उपाय म्हणजे पाणी. नळीत पाणी ओतायचे, गजाला चिंधी बांधून ती फिरवायची, कोरडी चिंधी फिरवून नळी वाळवायची आणि शेवटी तेलाचा हात द्यायचा.

दारूचे ओलाव्याशी असलेले हे नाते ती जळण्यापूर्वीही असतेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील दुर्गप्रकरण शिकवताना आपण बहुधा राजनीतीकडे लक्ष देतो. पण दारूखाना घरांपासून दूर असावा, दारू नीट बंदोबस्ताने ठेवावी आणि हवालदाराने दर आठ-पंधरा दिवसांनी ती बाहेर काढून ऊन देऊन पुन्हा मोहोरबंद करावी, असे त्यात बजावून सांगितले आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या एका मराठी मुत्सद्द्याला या चूर्णाची प्रकृती किती नेमकी ठाऊक होती, हे त्यावरून दिसते.

सैल गोळी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सैन्यातील सर्वसाधारण शिपायाची बंदूक ठासणीची असे. दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागे. ब्रिटिश सैन्याच्या आणि कंपनीच्या पलटणींच्या हाती असलेल्या ‘ब्राउन बेस’ जातीच्या बंदुकीच्या नळीचा व्यास सुमारे ०.७५ इंच, तर तिच्या गोळीचा सुमारे ०.६९ इंच होता. म्हणजे दोहोंत सहा शतांश इंचाची, जवळजवळ दीड मिलिमीटरची फट. एवढी सैल गोळी नळीतून जाताना इकडेतिकडे आपटत जाते आणि बाहेर पडल्यावर तिची दिशा भरवशाची राहत नाही. शंभर यार्डांच्या पुढे एका माणसावर नेम धरण्यात फारसा अर्थ नसे.

मग फट ठेवायची कशासाठी? किटासाठी. लढाई सुरू झाली की नळी धुवायला कोणाला सवड नसते. दहा-वीस बारांनंतर कीट चढलेल्या नळीतही गोळी सहज उतरली पाहिजे. म्हणून ती मुळातच लहान ओतली जाई. शंभराहून अधिक वर्षे सैन्यांनी बंदुकीच्या अचूकतेचा एवढा मोठा भाग सोडून दिला, त्याचे एक मुख्य कारण हे होते. ओळीने उभे राहून एकदम फैर झाडण्याची त्या काळची युद्धपद्धतीदेखील या सैल गोळीशी सुसंगत होती.

दारू आणि गोळी एकत्र बांधून ठेवणारी कागदाची पुडी म्हणजे काडतूस. हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, आणि त्याचे मूळ कागद या अर्थाच्या इटालियन शब्दापर्यंत जाते. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला जो जाड ‘कार्ट्रिज पेपर’ आपण वापरतो, त्याचेही नाव काडतुसे वळण्याच्या कागदावरून पडले आहे. शिपाई पुडीचे पिळलेले टोक दाताने तोडी, दारू नळीत ओती, आणि उरलेल्या कागदासह गोळी ठासून बसवी. दाताने तोडण्याचे कारण सरळ होते : एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात काडतूस. ही कवायत हिंदी शिपायांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती. दाताने तोडण्याला १८५७ पूर्वी त्यांची हरकत नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. कारण त्या कोरड्या कागदात हरकत घेण्याजोगे काही नव्हते.

घट्ट गोळी

नळीच्या आत वळणदार चऱ्या पाडल्या आणि गोळी त्यांत घट्ट बसली, तर ती स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि दूरवर सरळ जाते. हे तत्त्व युरोपात जुने होते. अडचण पुन्हा किटाचीच. घट्ट गोळी वरून ठासायची म्हणजे ती किटातून रेटत न्यायची. चऱ्या भरल्या की ते काम अशक्यप्राय होई. नेपोलियनच्या काळातील ब्रिटिश नेमबाज तेल-चरबीत भिजवलेल्या कापडात किंवा चामड्यात गोळी गुंडाळून ठाशीत. नेम उत्तम लागे, पण वेळ फार लागे. त्यामुळे अशा बंदुका निवडक तुकड्यांपुरत्याच राहिल्या.

यावर तोडगा निघाला तो आत जाताना सैल आणि बाहेर येताना घट्ट अशा गोळीचा. त्याचा एक धागा हिंदुस्थानशी जोडला जातो. दक्षिण हिंदुस्थानात असताना कॅप्टन जॉन नॉर्टन या ब्रिटिश अधिकाऱ्याने फुंकनळीतून मारल्या जाणाऱ्या बाणांच्या बुडाशी कमळाच्या देठातला मऊ गाभा लावलेला पाहिला. फुंकरीने तो फुगून नळीत गच्च बसे. त्यावरून त्याला १८२० च्या दशकात बुडाशी पोकळ असलेल्या लांबट गोळीची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. ब्रिटिश सैन्याने त्या वेळी ती मनावर घेतली नाही. पुढे १८४९ मध्ये फ्रेंच अधिकारी क्लोद एत्येन मिनिए याच्या नावाने अशा प्रकारची गोळी प्रसिद्ध झाली आणि १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड बंदूक याच तत्त्वावर घडवली गेली.

एन्फील्डच्या नळीचा व्यास ०.५७७ इंच होता आणि गोळीचा ०.५६८ इंच. जुन्या बंदुकीतील साठ सहस्रांश इंचाची फट येथे अवघ्या नऊ सहस्रांशांवर, म्हणजे पाव मिलिमीटरच्याही खाली आली. शिवाय याच फटीत गोळीभोवतीचा कागदही मावायचा होता. एवढ्या अरुंद जागेत वाळलेल्या किटाचा पातळ थरसुद्धा गोळी अडवून धरण्यास पुरेसा होता. म्हणून गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावणे अपरिहार्य झाले. प्रत्येक गोळी आत जाताना आपल्या वंगणाने आधीच्या बाराचे कीट मऊ करून पुसत जाई, आणि सुटताना नळीच्या अंगाला स्निग्धतेचा नवा लेप देऊन जाई. नव्या बंदुकीची सारी अचूकता या लेपावर उभी होती. काडतुसाला चरबी का, याचे उत्तर एवढेच आहे.

या काडतुसाची रचना नीट पाहिली की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. दाताने तोडायचे टोक दारूच्या बाजूचे होते. वंगण होते गोळीच्या, म्हणजे विरुद्ध टोकाला. पुडी तोडून दारू ओतल्यावर ती उलटी करून गोळीचे टोक नळीत घालायचे असे. कागदावर काढलेल्या आकृतीत दात आणि चरबी यांच्यात अंतर आहे. परंतु ही आकृती इंग्लंडच्या हवेतली होती. प्राण्यांची चरबी ४० ते ५० अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळते आणि त्याच्या पुष्कळ आधी मऊ पडते. उत्तर हिंदुस्थानातील उन्हाळ्यात ती कागदात झिरपणार आणि पसरणार, हे उघड होते. शिवाय अंतर कितीही असले, तरी काडतूस हातात धरावेच लागणार होते.

प्रश्न आणि उत्तरे

या वंगणात मुख्यत्वे चरबी आणि थोडे मेण असे. चरबी कोणत्या प्राण्याची, याचा खुलासा नव्हता. १८५३ मध्ये ही काडतुसे हवामानाच्या परीक्षेसाठी हिंदुस्थानात पाठवली गेली, तेव्हाच कर्नल टकर या अधिकाऱ्याने लेखी इशारा दिला होता : वंगणातील द्रव्ये देशी शिपायांच्या धर्मभावनेला दुखावणारी नाहीत, याची खात्री झाल्याखेरीज ती त्यांच्या हाती देऊ नयेत. इशारा दप्तरात राहिला.

जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे नव्या बंदुकीचे शिक्षण सुरू होते. तेथील दारूखान्यातल्या एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाणी पिण्यासाठी लोटा मागितला. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. तेव्हा खलाशी म्हणाला की गाईच्या आणि डुकराच्या चरबीची काडतुसे तोंडात धरावी लागतील, मग तुझी जात कोठे राहील? ही हकीकत २२ जानेवारीला अधिकाऱ्यांच्या कानी गेली. जनरल हिअर्सी यांनी तत्परतेने सुचवले की शिपायांना बाजारातून आपापल्या पसंतीचे वंगण आणू द्यावे. सरकारने महिनाअखेरीपूर्वीच ते मान्य केले. त्याच सुमारास युद्धसाहित्य खात्याच्या प्रमुखाने सरकारला जे कळवले, ते फार बोलके आहे. आक्षेपार्ह चरबी वापरली जाऊ नये म्हणून काही खास खबरदारी घेतली गेल्याचे दिसत नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे शिपाई विचारीत होता, ‘यात काय आहे?’ आणि ते बनवणाऱ्या सरकारला त्याचे उत्तर ठाऊक नव्हते.

यापुढचा घटनाक्रम अविश्वासाचा आहे. वंगण बदलले, तर शिपायांची नजर कागदाकडे वळली. नवा कागद तुकतुकीत दिसतो, त्यातच चरबी असेल, अशी शंका आली. कागदाची रासायनिक तपासणी झाली, त्यात चरबी आढळली नाही. शंका गेली नाही. २६ फेब्रुवारीला बहरामपूरच्या १९ व्या पलटणीने काडतुसे नाकारली. ती तर जुन्याच बंदुकीची, वंगण नसलेली होती. मार्चमध्ये दाताऐवजी हाताने पुडी फाडण्याची कवायत सुरू करण्याचे ठरले. २४ एप्रिलला मेरठच्या तिसऱ्या घोडदळाच्या कर्नलने ९० स्वारांना बोलावले, ते ही नवी, दात न लावण्याची पद्धत दाखवण्यासाठीच. त्यांतील ८५ जणांनी काडतुसे घेण्यास नकार दिला. ९ मे रोजी सर्वांसमक्ष त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या, आणि १० मे रोजी मेरठ पेटले.

येथे वसाहतवादी इतिहासकार एक मुद्दा पुढे करीत : जी काडतुसे शिपायांनी नाकारली त्यांना चरबी नव्हतीच, तेव्हा ही सारी अफवा आणि अंधश्रद्धा. वस्तुस्थिती म्हणून पहिला भाग खरा आहे. बहुसंख्य देशी पलटणींपर्यंत चरबी लावलेली एन्फील्डची काडतुसे कधी पोहोचलीच नाहीत. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष आम्हाला मान्य होण्याजोगा वाटत नाही. पहिल्या प्रश्नाला सरकारने खरे उत्तर दिले असते, तर दुसऱ्या-तिसऱ्या उत्तरांवर विश्वास बसण्याची शक्यता होती. आपल्या वस्तूत काय आहे हे ज्याने पाहिलेलेच नाही, त्याने नंतर दिलेल्या प्रत्येक ग्वाहीची किंमत किती धरायची?

मेण

उठाव चालू असताना आणि नंतर ब्रिटिश सैन्याला एक वेगळाच अनुभव आला. हिंदुस्थानच्या उष्णतेत काडतुसांवरील चरबी वितळून कागदात मुरे, गोळीभोवती वंगण उरत नसे, नळीत कडक कीट चढे आणि काही बारांनंतर गोळी ठासता येईनाशी होई. १८५९ च्या सुमारास म्हणून दोन सुधारणा झाल्या. गोळीचा व्यास ०.५५ इंचांवर आणला गेला, आणि वंगणातील चरबी कमी करून मधमाश्यांच्या मेणाचे प्रमाण वाढवले गेले. मेण ६० अंशांच्या पुढे वितळते. ते जागेवर राहते.

या तपशिलाकडे साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही, म्हणून तो ठळकपणे नोंदवला पाहिजे. ज्या चरबीवरून एवढा प्रलय झाला, ती चरबी या देशाच्या हवेत आपले नेमून दिलेले कामदेखील धड करीत नव्हती. टकर यांचा इशारा धर्मभावनेच्या अंगाने होता. परंतु मेणाचे वंगण आधीच स्वीकारले गेले असते, तर बंदूकही अधिक चांगली चालली असती आणि शिपायांच्या आक्षेपाचे मूळ कारणही उरले नसते. साम्राज्याची यांत्रिक गरज आणि शिपायाची धार्मिक मर्यादा यांत अटळ संघर्ष होता, असे आपण समजत आलो. निदान या एका बाबतीत तसा संघर्ष नव्हता. दोहोंना चालेल असा पदार्थ प्रत्येक बाजारात मिळत होता.

किटाचा प्रश्न मात्र काळ्या दारूबरोबर पुढे चालूच राहिला, आणि त्याचे सर्वांत नेटके उत्तर शिकारीच्या छर्ऱ्याच्या बंदुकीत पाहायला मिळते. मागून भरायची बंदूक आली तेव्हा, म्हणजे फ्रान्समध्ये १८३० च्या दशकापासून, काडतूस हे बूड धातूचे आणि अंग कागदाचे असे एक लहानसे डबेच झाले. पुढे संपूर्ण पितळी काडतुसेही आली, जी शिकारी घरी पुन्हापुन्हा भरीत. त्यांतील थर असे असत : तळाशी दारू, तिच्यावर जाड पुठ्ठ्याची चकती, त्यावर नमद्याचा मेणचट जाड गट्टू, मग छर्रे आणि शेवटी पातळ चकती. बार सुटला की गट्टू नळी पुसत, तिला वंगण देत पुढे जाई आणि किटाचा थर मऊ ठेवी. पुठ्ठ्याची चकती मध्ये घालण्याचे एक कारण विशेष पाहण्यासारखे आहे : गट्टूतील स्निग्धता दारूत उतरू नये. वंगण हवे, परंतु ते आपल्या जागी राहिले पाहिजे, हा धडा या साध्या चकतीत सामावलेला आहे. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीच्या काडतुसातही गोळीमागे मेणाची चकती बसवलेली होती. कोणाच्या दाताला नाही, हाताला नाही, अशा ठिकाणी वंगण अखेर जाऊन बसले.

१८६९ मध्ये पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला, तोवर दाताने तोडण्याच्या कागदी पुड्यांचा काळ सरत आला होता. पण उठावानंतर देशी पलटणींना गोऱ्या पलटणींच्या एक पिढी मागचे शस्त्र देण्याचे धोरण ठरले होते. त्यामुळे हिंदी शिपायाच्या हाती ठासणीची बंदूक अधिक काळ राहिली. १८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने सैनिकी बंदुकीस योग्य अशी बिनधुराची दारू तयार केली. ती जळल्यावर जवळजवळ सगळा वायूच होतो. त्यानंतर थोड्याच वर्षांत काळी दारू आणि तिचे कीट रणांगणावरून गेले. शिकारीच्या क्षेत्रात त्यांची सावली मात्र राहिली : अमेरिकेतील छर्ऱ्याच्या काडतुसांच्या खोक्यांवर, आत बिनधुराची दारू असूनही, तिचा जोर काळ्या दारूच्या इतक्या ‘ड्रॅम’एवढा आहे, असे छापण्याची प्रथा दीर्घकाळ टिकली. तेथील हौशी मंडळी आजही जुन्या रीतीने काळ्या दारूची काडतुसे भरतात. त्यांचा अनुभव असा की खनिज तेलाने नळीत डांबरासारखा थर बसतो, तर मेण आणि वनस्पतिजन्य तेल किंवा चरबी यांच्या मिश्रणाने कीट मऊ राहते. तेल आणि मेण! जानेवारी १८५७ मध्ये शिपायांना जे बाजारातून आणू द्यावे असे ठरले होते, त्याहून हे फारसे निराळे नाही.

प्रतीकामागची वस्तू

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. १८५७ च्या काडतुसाविषयी लिहिणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन पक्ष दिसतात. एका पक्षाला ते शिपायांच्या अंधश्रद्धेचे प्रतीक वाटते. दुसऱ्याला ते केवळ निमित्त वाटते. २७ जुलै १८५७ रोजी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये डिझरायली यांनी साम्राज्यांचे उदयास्त चरबीच्या काडतुसांवरून ठरत नसतात, अशा आशयाचे उद्गार काढले. सावरकरांनीही १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काडतुसांना मुख्य कारण मानण्यास नकार देऊन स्वधर्म आणि स्वराज्य ही प्रेरणा पुढे ठेवली. या दोघांच्या भूमिका सर्वस्वी भिन्न आहेत. तरी प्रत्यक्ष काडतूस उघडून पाहण्याची गरज दोघांनाही भासली नाही. साम्राज्ये काडतुसांवरून बुडत नाहीत, हे मान्य केले तरी एखाद्या काडतुसात राज्यकर्ता आणि प्रजा यांचे नाते कसे गुंडाळलेले असते, हे पाहणे त्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

काडतूस उघडून पाहिले की शिपाई वेगळा दिसू लागतो. तो व्यवसायाने सैनिक आहे. काडतूस भरणे हे त्याचे रोजचे काम आहे. आपल्या तोंडाशी येणाऱ्या वस्तूत कोणते द्रव्य आहे, हा त्याचा प्रश्न अगदी नेमका आणि उत्तर देता येण्याजोगा आहे. त्या प्रश्नामागे जातिधर्माची भीती होती, हे खरेच. ती भीती त्या काळच्या समाजरचनेतून आलेली होती आणि तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. लोट्याची हकीकतच ते करू देत नाही. पाणी नाकारणारा शिपाई आणि पाणी मागणारा खलाशी यांच्यातील विषमता त्या कथेच्या मुळाशी आहे.

आणि म्हणूनच त्या खलाशाकडे आपण थोडे थांबून पाहावे, असे आम्हाला वाटते. जॉन विल्यम के यांच्या १८६४ पासून प्रसिद्ध झालेल्या इतिहासात तो निनावी आहे. कथेत तो टोमणा मारून निघून जातो. उत्तर भारतातील दलित लोकेतिहासाने पुढे त्याला मातादीन भंगी हे नाव दिले आणि उठावाचा आद्य प्रेरक म्हणून त्याची आठवण जपली. नावाची ऐतिहासिकता कशीही असो, एक गोष्ट मूळ कथेतच आहे. वंगणात काय आहे हे कर्नलला माहीत नव्हते, जनरलला माहीत नव्हते, कलकत्त्याच्या सचिवालयाला माहीत नव्हते. माहीत असल्याप्रमाणे बोलला तो दारूखान्यात राबणारा हा एकच माणूस. वस्तूचे ज्ञान वस्तू हाताळणाऱ्याकडे होते; त्याला ना शिपाई पाणी देत होता, ना सरकार काही विचारीत होते.

मराठी वाचकाला या काळात नेणारे सर्वांत जवळचे पुस्तक म्हणजे विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’. १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी आणला. पेणजवळच्या वरसईहून द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघालेल्या या भिक्षुकाच्या कानावर काडतुसांची वार्ता वाटेत भेटलेल्या शिपायांकडून आली, आणि त्याने ती आपल्या ऐकिवात आली तशी नोंदली. ती वाचताना विद्यार्थी बहुधा खरे-खोटे करू लागतात. वर्गात आधी काडतुसाची एक आकृती फळ्यावर काढावी, दारू कोठे, गोळी कोठे, वंगण कोठे आणि ते कशासाठी, हे दाखवावे, आणि मग तो मजकूर वाचावा, असे आम्ही सुचवू. मग अफवा कोणत्या रिकाम्या जागेत शिरली, हे विद्यार्थ्यांना आपोआप दिसेल. ती जागा सरकारने उत्तर न देता मोकळी सोडलेली होती.